रोल नाही मिळाला, हेडसेट मिळाला

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. मुलगी नववीत, पब्लिक हायस्कूल. शाळेत थिएटर अँड मीडिया आर्ट्स असा प्रोग्रॅम आहे, दहावीपासून त्याचा ट्रॅक घेता येतो. मंडळाच्या गणपतीत ती लहानपणापासून नाटकात असते, बरी करते असं सगळे म्हणतात. यंदा स्प्रिंग म्युझिकलला ऑडिशन दिली, कॉलबॅकपण (दुसऱ्या फेरीचं बोलावणं) आला, पण कास्ट लिस्टमध्ये नाव नाही, असिस्टंट स्टेज मॅनेजर केलं. खूप रडली, आता म्हणते मजा येतेय. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म याच महिन्यात द्यायचाय आणि तिला इंजिनिअरिंगचं इलेक्टिव्ह सोडून हा ट्रॅक हवाय. नवरा ठाम नाही म्हणतो. गंमत म्हणजे तो स्वतः पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत उतरलेला! म्हणतो हौस वेगळी, विषय म्हणून कशाला, आणि पडदे ओढण्यात चार वर्षं घालवायची का. मला आतून वाटतं आपल्या रंगामुळे, नावामुळे तर रोल दिला नसेल ना? शाळेला ईमेल करू का? टेक वीकला, म्हणजे लाइट-साउंडसकट तालमीच्या आठवड्यात, रात्रीचे नऊ-दहा होणार म्हणे. उद्या हिला यातच करिअर करायचं म्हणाली तर? आणि सासूबाई पुण्याहून विचारतायत व्हिडिओ कधी पाठवणार. पडद्यामागच्या मुलीचा व्हिडिओ कसा पाठवतात? – गोंधळलेली आई"

अगं गोंधळलेल्या आई,

तुला अगं-तुगंच करते, पत्रावरून माझ्यापेक्षा बरीच लहान वाटतेस. फॉर्मची तारीख जवळ आलीय म्हणून आधी उत्तर सांगून टाकते, बाकीचं मग बोलू. ट्रॅक घेऊ दे. इंजिनिअरिंगचं इलेक्टिव्ह गेलं तरी काही बिघडत नाही. गणित आणि सायन्सचे विषय ओळीने चाललेत त्यांना मात्र हात लावू द्यायचा नाही, एवढी एकच अट घाल. आणि ईमेल आत्ता करू नकोस.

मी काही थिएटरची प्रोफेसर वगैरे नाही हं. इथल्याच एका हायस्कूलच्या कॉस्च्युमच्या खोलीत बरीच वर्षं सुईदोरा घेऊन बसते, माझी मुलं कधीच कॉलेज संपवून कामाला लागली तरी मला अजून बोलावतात कारण कमरेत सैल झालेला घागरा दहा मिनिटांत आत घेऊन देणारं दुसरं कुणी त्यांना मिळत नाही. त्या खोलीत बसून जे दिसतं, कानावर पडतं त्यावरच बोलतेय.

पहिल्यांदा ते "पडदे ओढणं" डोक्यातनं काढून टाका, दोघांनीही. असिस्टंट स्टेज मॅनेजर म्हणजे काय ते बघ. रोजच्या तालमीला डायरेक्टरच्या आसपास बसायचं आणि कोण कुठल्या विंगेतून आलं, कुठल्या वाक्यावर उठलं, कुठे थांबलं हे सगळं संहितेच्या समासात लिहायचं, तेही पेन्सिलने, कारण उद्या ते बदलणारच असतं. स्टेजवर खुर्च्या-टेबलांच्या पायांच्या जागी टेपच्या खुणा करायच्या, प्रत्येक प्रवेशाचा रंग वेगळा, आणि अंधारात दिसायला हव्यात तिथे चमकणारी टेप. प्रॉपच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर कागद अंथरून चौकोन आखायचे, इथे कप, इथे पत्र, इथे बंदूक, म्हणजे एखादा चौकोन रिकामा दिसला की प्रयोग सुरू व्हायच्या आधीच कळतं की काय हरवलंय आणि बहुतेक वेळा कुणी हरवलंय तेसुद्धा. कुणी वाक्य विसरून "लाइन" म्हणाला की ते वाक्य जसंच्या तसं द्यायचं, आपल्या मनाने सुधारून नाही. आणि प्रयोगाच्या दिवशी सगळ्या खोल्यांमधून "फाइव्ह मिनिट्स" म्हणत फिरायचं आणि समोरच्याने "थँक यू फाइव्ह" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, मग तो बारावीतला हीरो का असेना. नववीतली एवढीशी पोर सहा फुटी मुलाकडनं थँक यू वसूल करते ते बघायला मला फार आवडतं.

आणि ही झाली असिस्टंटची कामं. हीच मुलगी टिकली तर अकरावी-बारावीत स्टेज मॅनेजर होऊ शकते, आणि मग गोष्टच वेगळी. पडदा उघडला की डायरेक्टर प्रेक्षकांत जाऊन बसतो, त्याच्या हातात काही उरत नाही, शो स्टेज मॅनेजरच्या ताब्यात. हेडसेटवर ती म्हणते "स्टँडबाय लाइट्स 42, साउंड 17," आणि मग "गो," आणि तिच्या तोंडून गो येईपर्यंत लाइट बोर्डवरचा मुलगा बटण दाबत नाही. एका म्युझिकलमध्ये असे शंभरावर क्यू, म्हणजे इशारे, सहज असतात, मध्येच कुणाचा माइक बंद पडतो, कुणी एंट्रीला आलंच नाही म्हणून स्टेजवरची दोन मुलं काहीतरी बरळत वेळ काढत असतात, आणि हिने आवाज न चढवता पुढचा क्यू द्यायचा असतो. आपल्याकडची ती तिसरी घंटा इथे त्या मुलीच्या हातात असते असं समज.

तुझ्या नवऱ्याला हे सगळं माहितीय गं, तो विसरलाय. त्याला सहज विचार की पुरुषोत्तमला तुमच्या एकांकिकेत लाइट कोण करायचं आणि कधी क्यू चुकला होता का. तासभर बोलेल. भरत नाट्य मंदिरात ज्या पोरांच्या एकांकिका गाजल्या त्यांच्यामागे ढोरमेहनत करणारी एक बॅकस्टेजची टीम असायची आणि त्या पोरांना त्याने कधी "पडदे ओढणारे" म्हटलं नसणार.

मला वाटतं त्याची अडचण वेगळी आहे. पुरुषोत्तम 1963 पासून चालू आहे, आणि त्याच्या पिढीतल्या मुलांच्या डोक्यात नाटक म्हणजे ती स्पर्धा हेच समीकरण बसलंय. दोन महिने रात्री जागायचं, क्लास बुडवायचे, आरडाओरडा, निकाल लागला की करंडक नाहीतर रडारड, आणि मग गपचूप परीक्षेला बसायचं. (2022 ला तर परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नव्हता, त्या तोडीची एकांकिका नाही म्हणाले, केवढा वाद झाला होता.) म्हणजे नाटक ही अभ्यासाच्या बाहेरची, अभ्यासाचं नुकसान करून करायची गोष्ट. इथे तसं नाहीये. इथे ते शाळेच्या वेळापत्रकात एका पीरियडला असतं, त्याला ग्रेड मिळते, त्याचा शिक्षक पगारी असतो, त्याचे क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) येतात. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला निदान 120 क्रेडिट लागतात, त्यातले 15 गणिताचे, 15 सायन्सचे, आणि 5 क्रेडिट व्हिज्युअल अँड परफॉर्मिंग आर्ट्सचे सगळ्यांनाच घ्यावे लागतात, म्हणजे एक पूर्ण वर्षाचा विषय. तेव्हा एक वर्ष तरी तिला चित्रकला, बँड, कॉयर, थिएटर असलं काहीतरी करायचंच आहे, नवरा हो म्हणो की नाही. आणि मीडिया आर्ट्स हे शिक्षकांनी शनिवार-रविवारी सुचलं म्हणून जोडलेलं शेपूट नाही, 2014 मध्ये देशपातळीवरची कलाशिक्षणाची मानकं नव्याने लिहिली तेव्हा नृत्य, संगीत, नाटक, दृश्यकला यांच्या जोडीला पाचवा विषय म्हणून ते आलं आणि न्यू जर्सीने 2020 च्या अभ्यासक्रमात ते घेतलं.

खरं तर नवऱ्याला पटवायचं असेल तर या मीडियाच्या बाजूनेच पटव. का सांगते. हायस्कूलचं मोठं नाटक किंवा म्युझिकल म्हणजे संहिता बाहेरनं विकत घेतलेली, डायरेक्टर शिक्षक, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही असं करारात लिहिलेलं. पुरुषोत्तममधली ती आपली आपण लिहायची, आपणच बसवायची, आपणच मार खायची मजा त्यात नसते. ती मजा इथे मीडियाच्या वर्गात असते. स्वतः लिही, मैत्रिणींना घेऊन शूट कर, एडिट कर, आवाज नीट आला नाही म्हणून परत शूट कर, आणि वर्गासमोर लाव. बऱ्याच शाळांत सकाळच्या अनाउन्समेंटसुद्धा हीच मुलं व्हिडिओवर करतात, म्हणजे रोजची डेडलाइन. शिवाय काही शाळांमध्ये वरच्या वर्गातली मुलं स्वतः छोटी नाटकं बसवतात, तुमच्या शाळेत ते आहे का ते नक्की विचार. ते असलं तर तुझा नवरा पहिल्या रांगेत असेल, लिहून ठेव.

आता फॉर्म. शाळेच्या वेबसाइटवर प्रोग्रॅम ऑफ स्टडीज नावाची एक लांबलचक पीडीएफ असते, ती दोघांनी बसून वाचा, ट्रॅक म्हणजे नक्की कुठले विषय, कुठल्या वर्षी, हे त्यातच कळेल. नुसतं नाव भारी आणि आत एकच शिक्षक एकच वर्ग फिरवून फिरवून घेतोय असंही असतं. मग गायडन्स काउन्सेलरला गाठा आणि एक गोष्ट विचारा जी पालक हमखास विसरतात: या विषयाची दिवसात एकच तुकडी आहे का? कारण थिएटरची एकच तुकडी आणि अकरावीत तिला हव्या त्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयाचीपण एकच तुकडी, आणि दोन्ही एकाच पीरियडला, असं झालं की ऐनवेळी रडारड. त्यापेक्षा आत्ताच बारावीपर्यंतचा कच्चा आराखडा मांडा. दुसरं, थिएटरच्या सुरुवातीच्या विषयांना जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) ऑनर्स-एपीसारखं जास्तीचं वेटेज बहुतेक नसतं. आपल्या लोकांत याची फार धास्ती असते म्हणून आधीच सांगतेय, पॉइंटनंतरचा दुसरा-तिसरा आकडा थोडा हलेल. हलू दे. इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तरी कॉलेजं बघतात ते गणित कुठपर्यंत नेलं, फिजिक्स-केमिस्ट्री केली का, हायस्कूलचं इंजिनिअरिंग इलेक्टिव्ह केलं नाही म्हणून कुणी दार बंद करत नाही. म्हणून ती अट. प्रीकॅल्क, कॅल्क्युलस, सायन्सची तीन वर्षं, हे सगळं आहे तसं राहिलं तर बारावीत ती कुठेही वळू शकते.

एक मात्र ऐकवते, रागावू नकोस. "कॉलेज ॲप्लिकेशनवर चांगलं दिसतं" हे कारण सांगून नवऱ्याला पटवायला जाऊ नकोस. ते त्यालाही पटेल आणि तुलाही पटेल, आणि मग पुढची तीन वर्षं तुम्ही दोघं तिच्या प्रत्येक प्रयोगाकडे त्याच डोळ्यांनी बघाल.

आता तुझ्या मनातली खरी गोष्ट. रंग, नाव.

तुला उगाच शंका येते असं मी म्हणणार नाही. अशा गोष्टी होतात, आणि फार गोडीगुलाबीने होतात. पण एका कास्ट लिस्टवरून ते कळत नाही. हायस्कूलच्या म्युझिकलला ऑडिशन देणाऱ्यांत मुली ढिगाने असतात आणि मुलींचे रोल मोजके, त्यात बारावीतल्या मुलींचं हे शेवटचं वर्ष म्हणून त्यांच्याकडे झुकतं माप, नववीच्या मुलीला कॉलबॅक आला हीच मोठी गोष्ट. आणि दुसरं एक आहे जे मंडळाच्या नाटकांमुळे आपल्या लक्षात येत नाही, ते म्हणजे गाणं. इथे ऑडिशनला 16 बारचा तुकडा म्हणायला सांगतात, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट, पियानोवर वाजेल त्या पट्टीत, लगेच. आपल्या मुली पेटीवर स्वतःचा सा धरून गायला शिकलेल्या असतात, त्यांचा आवाज सुरेल असतो पण शेजारची वेगळी सुरावट गात असताना आपली न सोडणं, म्हणजे ती सोप्रानो-आल्टोची हार्मनी, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. म्युझिकलच्या कोरसला पहिलं तेच लागतं. तिला पुढच्या वर्षी खरंच स्टेजवर जायचं असेल तर शाळेच्या कॉयरमध्ये घाल, अभिनयाच्या महागड्या समर कॅम्पपेक्षा जास्त उपयोग होईल. नाटकही बघ, म्युझिकलच का, फॉलमध्ये बहुतेक शाळा बिनगाण्याचं नाटक करतात, आपल्या मुलींना तिथे जास्त वाव असतो असं माझं मत आहे.

शिक्षकांशी बोलायचं तर तिने बोलायचं, तू नाही. थोडे दिवस जाऊ दे, मग तिने जाऊन विचारायचं, पुढच्या ऑडिशनसाठी मी कशावर काम करू? याला शिक्षक मनापासून उत्तर देतात. आईचा रात्री साडेअकराचा "माझ्या मुलीला का घेतलं नाही" असा ईमेल त्यांना दर वर्षी येतो आणि कास्टिंगवर पालकांशी बोलणार नाही हे पुष्कळ शाळांनी लेखीच देऊन ठेवलेलं असतं.

पण डोळे उघडे ठेव. तुमच्या पट्ट्यात शाळेच्या कॉरिडॉरमध्ये आपली मुलं भरपूर, आणि दोन वर्षं, तीन-चार प्रयोग बघूनसुद्धा स्टेजवर पुढे ती कधीच नाहीत, किंवा आहेत ती फक्त विनोदी मित्र आणि ॲक्सेंटवाला दुकानदार म्हणून, असं दिसलं तर मग जरूर बोल. तेव्हा विषय तुझ्या मुलीच्या रोलचा राहत नाही, शाळा नाटकं कुठली निवडते आणि कुणाला ऑडिशनला यावंसं वाटतं हा होतो, आणि त्यावर चार पालक मिळून बोलले तर शाळा ऐकते. तोपर्यंत बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे नाटकाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटात, जाऊन बस. तिकडे आपले पालक फार कमी असतात, आणि कुठलं नाटक, बजेट किती, यावरच्या गप्पा तिकडेच होतात.

टेक वीकबद्दल: हो, रात्री नऊ-दहा होतात. त्या आठवड्यात सगळे लाइट, साउंड, सेट, कपडे पहिल्यांदा एकत्र येतात आणि एकेका क्यूवर थांबत थांबत पुढे जातात, पहिल्या दिवशी पहिला अंक संपला तरी नशीब. तो एक आठवडा निभावतो गं, सगळेच निभावतात. खरा कस त्याच्या आधी लागतो, जानेवारीपासून मार्चपर्यंत रोज शाळेनंतर संध्याकाळी सहापर्यंत तालीम. भरतनाट्यम, रविवारची मराठी शाळा, गणिताचा क्लास, टेनिस, हे सगळं आहे तसं ठेवून त्यावर हे चढवलं तर पोर फेब्रुवारीत आजारी पडते, मी दर वर्षी बघते. एक-दोन गोष्टी सोडाव्या लागतील आणि कुठल्या ते तिला ठरवू दे. गाडीचंपण आत्ताच ठरवा, न्यू जर्सीत 17 पूर्ण झाल्याशिवाय एकटीने चालवायचं लायसन्स मिळत नाही, तेव्हा अजून पुष्कळ दिवस आणणं-सोडणं तुमच्याकडे, आसपासच्या दोन-तीन घरांशी कारपूल जमवून टाका.

आणि जेवण. टेक वीकला पालक आळीपाळीने मुलांचं जेवण देतात आणि व्हेज पिझ्झा सगळ्यात आधी संपतो कारण तो सगळेच खातात, खरी शाकाहारी मुलं आपली मागे हेडसेट सोडवत बसलेली. तू ते काम अंगावर घे आणि व्हेजच्या डब्यांवर नावं लिहून ठेव.

एक गंभीर प्रश्न शाळेला जरूर विचार आणि त्यासाठी ईमेल केलास तरी चालेल. क्रूची, म्हणजे पडद्यामागची, मुलं शिडीवर चढतात का, लाकूड कापायची करवत वापरतात का, वरचे जड पडदे-सेट दोराने खालीवर करायची यंत्रणा असेल तर ती कोण हाताळतं, आणि प्रत्येक वेळी मोठं माणूस तिथे असतं का. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो. जो उडवून लावतो त्याच्या वर्कशॉपमध्ये मी माझं पोर पाठवणार नाही. बंद बूट, बांधलेले केस, गळ्यात-हातात काही लोंबणारं नाही, हे तूच घरी बजाव. सेट बांधायला शनिवारी पालकांनाही बोलावतात, ड्रिल चालवणारे बाबा त्यांना हवेच असतात. नवऱ्याला तिकडे पाठव. त्याच्याशी वाद घालण्यात जेवढा वेळ जाईल त्याच्या निम्म्यात काम होईल.

शाळेत थेस्पियन ट्रूप आहे का तेही बघ. इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी 1929 पासूनची आहे, हायस्कूलच्या नाटकवाल्या मुलांची ऑनर सोसायटीच म्हण. साधारण दहा तास कामाला एक पॉइंट, असे दहा पॉइंट झाले की सभासद होता येतं, आणि बॅकस्टेजचे तासही धरतात. म्हणून तास लिहून ठेवायची सवय आत्तापासून लाव.

करिअरचं म्हणशील तर नववीत याचं उत्तर कुणी मागू नये आणि कुणी देऊही नये. पण तुला रात्री झोप लागत नसेल तर एवढं सांगते. अभिनय हा पोटापाण्यासाठी बेभरवशाचा धंदा आहे, पुण्या-मुंबईत आहे तसा इथेही. पडद्यामागे त्या मानाने बरं, तरी तिथेही एका कामावरून दुसऱ्या कामावर असंच चालतं, दर महिन्याला ठरलेली रक्कम येईल असं धरून चालायचं नाही. मात्र युनियन जुन्या आणि घट्ट आहेत, स्टेजहँड आणि तंत्रज्ञांची आयएटीएसई 1893 पासूनची, आणि नट आणि स्टेज मॅनेजर दोघेही ॲक्टर्स इक्विटीमध्ये. शिकायला लांब जायलाच हवं असंही नाही. कार्नेगी मेलनने 1914 मध्ये या देशातली पहिली नाटकाची डिग्री सुरू केली, ते आहेच, पण तुमच्या घरापासून गाडीने थोड्याच वेळात रटगर्स युनिव्हर्सिटीचं मेसन ग्रोस हे कलांचं कॉलेज आहे, तिथे अभिनयासारखीच डिझाइनची आणि स्टेज मॅनेजमेंटचीही बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) होते, आणि इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी, फी. उत्तरेकडे माँटक्लेअर स्टेट युनिव्हर्सिटीही आहे. बीएफए म्हणजे दिवसरात्र तेच, बीए म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा मेजरही करता येतो, हा फरक फक्त लक्षात ठेव, बाकीचं अकरावीत. आणि कॅमेऱ्याकडे वळली तर राज्यातच काम वाढतंय, 2018 मध्ये न्यू जर्सीने फिल्मवाल्यांना करात सवलत परत सुरू केली आणि आता फोर्ट मॉनमथच्या जुन्या लष्करी तळावर नेटफ्लिक्स स्टुडिओ उभारतंय. मुलीला यातलं काही एक न करता अकाउंटंट व्हायचं असेल तरी माझी हरकत नाही. मुळात तीच अजून काही म्हणालेली नाहीये, हा प्रश्न तुझा आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांना म्युझिकलचा व्हिडिओ पाठवता येणार नाही, आणि त्याचं कारण मुलगी पडद्यामागे आहे हे नाहीच. शाळा प्रयोगाचे हक्क एमटीआय किंवा कॉन्कॉर्डसारख्या कंपन्यांकडून पैसे भरून घेते आणि त्यात रेकॉर्डिंगची परवानगी धरलेली नसते, ती मिळत असेल तर वेगळी घ्यावी लागते. हीरोईनच्या आजीलासुद्धा व्हिडिओ मिळत नाही. तेव्हा मोबाइल वर करून फेसबुक लाइव्ह वगैरे करू नकोस, शाळा अडचणीत येते. कधीकधी शाळा स्ट्रीमिंगचा वेगळा परवाना घेऊन त्याची तिकिटं विकते, तसं असेल तर एक तिकीट पुण्यासाठी काढ आणि वेळेचा फरक आधी समजावून सांग, नाहीतर त्या पहाटे साडेचारला उठून बसतील.

नाहीतर असं कर. प्रयोगाच्या आधी शिक्षकांना विचारून, काळे कपडे घातलेली, कानाला हेडसेट आणि हातात ती जाडजूड फाइल घेतलेली लेक, असा एक फोटो काढ आणि खाली मराठीत तिच्याकडनंच लिहून घे की मी नक्की काय करते. प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत तिचं नाव छापून येतं, ते पानही पाठव. आणि पुढच्या वर्षी मीडियाच्या वर्गात ती स्वतः काही शूट करेल ते तिचं स्वतःचं असेल, ते खुशाल पाठव, फक्त मागे हिंदी सिनेमाचं गाणं लावू नको म्हणावं, तेही दुसऱ्याच्या मालकीचं असतं.